फ्लॉरेन्सचा पूर, उफिझी आणि आपले ओले फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की माझा फोन वाजायला लागतो. माझं काम तसबिरी मढवायचं, जोडीला जुन्या चित्रांची डागडुजी. २०१९ च्या महापुरानंतर गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुराची चित्रं पडद्यावर दाखवून बोललो, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तेच ते प्रश्न येतात. निम्मे फ्लॉरेन्सबद्दल, निम्मे घरातल्या भिजलेल्या वस्तूंबद्दल. आता सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. घरात पाणी शिरलेलं असेल तर थेट प्रश्न १३ वर जा, इतिहास नंतर वाचा.

१. फ्लॉरेन्समध्ये नक्की काय झालं होतं?

४ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे आर्नो नदी शहरात शिरली. आदल्या दिवसांत धो धो पाऊस झाला होता. ४ नोव्हेंबर हा तेव्हा इटलीत सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे दुकानं, कचेऱ्या बंद आणि लोक झोपेत. जुन्या पुलावरच्या, म्हणजे पोन्ते वेक्क्योवरच्या सोनारांना रात्रीच्या पहारेकऱ्यानं उठवलं म्हणून त्यांना थोडाफार माल हलवता आला. बाकीच्यांना ती संधी मिळाली नाही. शहरातली विजेवरची घड्याळं सकाळी ७ वाजून २६ मिनिटांवर थांबली.

सांता क्रोचे हा सखल भाग. तिथं पाणी साडेसहा मीटरच्या वर गेलं, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि मागे सुमारे ६ लाख टन चिखल उरला. शहर आणि जिल्हा मिळून ३५ माणसं गेली. चित्रांबद्दल बोलताना हा आकडा मी आधी सांगतो.

योगायोग असा की १३३३ चा मोठा पूरही ४ नोव्हेंबरलाच आला होता. दोन्ही पुरांच्या पाण्याच्या खुणा तिथल्या भिंतींवर दगडात कोरलेल्या आहेत. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं २००५, २०१९, २०२१ लिहितात, तशाच.

२. उफिझी बुडाली म्हणजे तिथली सगळी जगप्रसिद्ध चित्रं बुडाली का?

नाही. उफिझी म्हणजे फ्लॉरेन्सचं मोठं चित्रसंग्रहालय. त्याची मुख्य दालनं वरच्या मजल्यावर आहेत, तिथं पाणी पोचलं नाही. बुडाला तो तळमजला, आणि तळमजल्यावर काय होतं ते ऐकून कपाळावर हात मारावासा वाटतो: चित्रं दुरुस्त करायची कार्यशाळा, साठवणीच्या खोल्या, फोटोंच्या निगेटिव्हचा संग्रह आणि शेजारीच सरकारी दफ्तरखाना. आजारी चित्रंच सगळ्यात खाली ठेवलेली होती. आपण जुने अल्बम, लग्नाच्या पत्रिका, वडिलांच्या सर्टिफिकेटांच्या फायली पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवतो, त्यातलाच प्रकार. दफ्तरखान्याला पुढे वेगळी इमारत मिळाली.

खरा फटका उफिझीच्या बाहेर बसला. सांता क्रोचे चर्चच्या संग्रहालयात चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा रंगवलेला लाकडी क्रूस होता (प्रश्न १०). बाप्तिस्त्री, म्हणजे बाप्तिस्म्याच्या मंदिराच्या दारावरचे शिल्पकार गिबेर्तीचे दहापैकी पाच कोरीव ब्राँझचे पत्रे निखळले. शिल्पकार दोनातेल्लोची मग्दालेनाची लाकडी मूर्ती तेलकट चिखलात उभी होती. राष्ट्रीय ग्रंथालयातली दहा लाखांहून जास्त पुस्तकं, वर्तमानपत्रं, हस्तलिखितं भिजली.

३. पाणी आत येत असताना चित्रं कोणी हलवली? अग्निशमन दल, लष्कर?

पहिल्या काही तासांत दोन्ही नव्हते. जे होते ते तिथले नोकरदार. कलावस्तूंचे मुख्य अधिकारी उगो प्रोकाच्ची, दुरुस्ती विभागाचे उंबेर्तो बाल्दिनी आणि उफिझीच्या संचालिका लुइझा बेकेरुच्ची हे तिघं कसेबसे इमारतीत पोचले. तळमजल्यावरून जेवढं वर नेता येईल तेवढं हातानं नेलं. मग त्यांची नजर गेली चित्रकार आणि वास्तुकार वासारीनं बांधलेल्या वाटेकडे. ही जवळपास एक किलोमीटर लांबीची बंदिस्त वाट उफिझीतून निघते आणि जुन्या पुलाच्या डोक्यावरून नदी ओलांडते. चित्रकारांनी काढलेली स्वतःची चित्रं तिथं टांगलेली होती. खाली नदी झाडांचे ओंडके पुलावर आपटत होती, पूल थरथरत होता, आणि हे लोक आत जाऊन एकेक चित्र काढून आणत होते. पूल गेला असता तर सगळे गेले असते. पूल टिकला. तरी त्या सकाळी त्यांनी केलं ते बरोबरच होतं असं मला वाटतं.

शेजारच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाच्या संचालिका मारिया लुइझा बोनेल्ली यांनी वरच्या मजल्याच्या बाहेरच्या अरुंद कठड्यावरून जुनी उपकरणं उफिझीत पोचवली. त्यांत गॅलिलिओच्या दुर्बिणी होत्या. बाईंचं हे धाडस आमच्या हॉलमध्ये सांगितलं की टाळ्या हमखास पडतात.

४. तुम्ही चिखलापेक्षा तेलाबद्दलच जास्त का बोलता?

कारण नुसता चिखल धुता येतो. नोव्हेंबर म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात. घरं गरम ठेवायला लागणारं तेल तळघरांतल्या टाक्यांत नुकतंच भरून ठेवलेलं होतं. पुरानं टाक्या फुटल्या आणि काळं तेल पाण्यावर तरंगत शहरभर फिरलं. पाणी उतरताना प्रत्येक भिंतीवर, पुतळ्यावर, चित्रावर काळा पट्टा उमटला. संगमरवर दिसायला टणक असला तरी त्याला बारीक छिद्रं असतात आणि तो तेल पितो. मूर्तींवर टाल्कम पावडरचे थर चढवून तेल शोषून घेतलं, तेही पुन्हा पुन्हा.

आपल्याकडच्या पुरात हे काम डिझेल, गॅरेजचं ऑइल आणि गटाराचं पाणी करतं. म्हणून पुराचं पाणी म्हणजे नदीचं पाणी असं समजू नका, आणि हातमोजे घाला.

५. धरणातून पाणी सोडल्यामुळे पूर आला का? आपल्या अलमट्टीसारखं?

कोल्हापूर-सांगलीत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. फ्लॉरेन्समध्येही हेच झालं. शहराच्या वर आर्नोवर ला पेन्ना आणि लेवाने अशी दोन धरणं आहेत. त्यांतून सोडलेल्या पाण्यानंच घात केला, असं लोक वर्षानुवर्षं म्हणत आले आणि तज्ज्ञ त्यावर भांडत आले. एवढं खरं की तो पाऊसच इतका होता की धरणं नसती तरी शहरात पाणी आलंच असतं. पानशेतची गोष्ट निराळी. तिथं १२ जुलै १९६१ ला धरणच फुटलं होतं, ते इथं मिसळू नका. अलमट्टीवर मत द्यायला मी पाटबंधाऱ्यातला माणूस नाही.

६. 'चिखलातले देवदूत' म्हणजे कोण? त्यांना पगार होता का?

इटलीतून आणि बाहेरच्या देशांतून आलेली तरुण पोरं, बहुतेक विद्यार्थी. बोलावलं कोणी नव्हतं, पगार नव्हता. रेडिओवर ऐकलं, वर्तमानपत्रात वाचलं आणि गाडी पकडून आले. राहायची सोय म्हणून रेल्वेनं स्टेशनात डबे उभे करून दिले, त्यांत कित्येकजण झोपले. एका पत्रकारानं त्यांना हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

सगळ्यात जास्त पोरं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात राबली. जिन्यावर माणसाला माणूस लागून उभं राहायचं, खालून आलेलं चिखलाचं पुस्तक वरच्याच्या हातात द्यायचं. गटाराचा आणि कुजणाऱ्या चामड्याच्या बांधणीचा वास इतका होता की तळघरात तोंडावर मुखवटे बांधावे लागत. ट्रकमधून तांदळाच्या गोण्या उतरवताना आपण जशी साखळी लावतो तशीच ही साखळी, फक्त गोणीच्या जागी सोळाव्या शतकातला ग्रंथ.

७. पण त्या पोरांना कलेतलं काय कळत होतं? उलट नुकसानच केलं असेल!

हा प्रश्न विचारणारे बहुधा निवृत्त शिक्षक असतात, आणि प्रश्न चांगला आहे. पोरांना कळत नव्हतं. फायदा झाला तो त्यांना कळायची गरज नसलेली कामं दिल्यामुळे. उचला, पुढे द्या, टीपकागद घाला, बादली रिकामी करा. रंगाला हात लावायचा असेल तिथं जाणकार माणूस उभा. जिथं ही विभागणी पाळली गेली तिथं गर्दीचं बळ झालं. जिथं नाही पाळली, तिथं घाईत उलगडलेली, पुसलेली पानं कायमची गेलीही.

माझ्या हातून झालेलं सांगतो, म्हणजे उपदेश वाटणार नाही. २०१९ ला एका घरातून तालमीचा जुना ग्रुप फोटो आला. दोन रांगांत पैलवान, मध्ये वस्ताद, खाली गाळाचा थर. ओला होता, स्वच्छ दिसावा म्हणून मी अंगठ्यानं हलकेच गाळ पुसला. गाळाबरोबर मागच्या रांगेतली चार तोंडं अंगठ्यावर आली. जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते आणि भिजल्यावर तो थर शिजवलेल्या साबुदाण्यासारखा मऊ होतो, हे मला पाठ होतं. तरी अंगठा फिरलाच. जाणकाराची ही गत, तर उत्साहानं आलेल्या पोरांना दोष काय देणार?

८. सगळं श्रेय बाहेरच्या पोरांना. फ्लॉरेन्सच्या लोकांनी काय केलं?

ही तक्रार खुद्द फ्लॉरेन्सकरांचीही आहे. फोटो निघाले ते पोरांचे. पण महापौर पिएरो बार्जेल्लिनी यांचं घर सांता क्रोचेतच, तेही पाण्यात. सुतार, सोन्याचा वर्ख लावणारे, चौकटी कोरणारे, पुस्तकं बांधणारे यांची दुकानं तळमजल्यावर, म्हणजे बुडालेलीच. स्वतःची अवजारं चिखलातून काढता काढता त्यांनी शहराच्या वस्तूंना हात दिला. चिमाबुएच्या क्रूसावरून गळालेल्या रंगाच्या कपच्या चिखलातून चाळणीनं वेचल्या गेल्या. मदतीच्या कुठल्याही फोटोत न दिसणारी ही चाळणी मला सगळ्यात जास्त आठवते.

९. पैसा कुठून आला?

सरकारकडून, आणि लोकांकडून. अमेरिकेत इटालियन कलेच्या बचावासाठी समिती निघाली, जॅकलिन केनेडी तिच्या मानद अध्यक्ष होत्या. ब्रिटनमध्ये वेगळा निधी. पैशापेक्षा मोलाची मदत म्हणजे माणसं: ब्रिटनहून आलेले पुस्तकबांधणीचे कारागीर, पीटर वॉटर्स त्यांच्यातलेच, नंतर वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात याच कामाचे प्रमुख झाले.

कलासमीक्षक कार्लो लुदोविको राग्गियांती यांनी वेगळंच आवाहन केलं. बुडालेलं परत मिळणार नाही, तर आजच्या चित्रकारांनी आपली कामं शहराला द्यावीत. चित्रकारांनी दिली. ती टांगायला कायमची जागा मिळेपर्यंत मात्र २०१४ उजाडलं, त्या वर्षी 'म्युझेओ नोवेचेंतो' उघडलं. देणगी पटकन येते, भिंत मिळायला वेळ लागतो. आपल्याकडच्या कुठल्याही वाचनालयाच्या कार्यवाहांना विचारा.

१०. ओली चित्रं उन्हात का नाही वाळवली? चिमाबुएचा क्रूस पूर्ववत झाला का?

जुनी इटालियन चित्रं लाकडी फळ्यांवर असतात. फळीवर सरस आणि खडूच्या भुकटीचा पांढरा लेप, त्यावर रंग. फळी पाणी पिऊन फुगते आणि सरस सुटतो. मग वाळताना फळी आटते, पूर्वीपेक्षाही जरा जास्त, पण रंगाचा थर आटत नाही. सुती साडी आटली आणि काठाची जर तेवढीच राहिली की काठाला चुण्या पडतात, तसं. कापडाच्या चुण्या इस्त्रीनं जातात, रंगाच्या चुण्या मात्र तुटून खाली पडतात.

म्हणून वाळवायचंच, पण इतकं हळू की लाकडाला कळू नये. बोबोली बागेत लिंबाच्या कुंड्या थंडीत ठेवायची एक लांबलचक इमारत होती. ती बंदिस्त करून तिचा दवाखाना केला. आत हवा मुद्दाम दमट ठेवली आणि ओलावा महिन्यामहिन्यानं उतरवत नेला. दमट हवेत बुरशी धरते, म्हणून तिचं औषध फवारलं. रंग गळू नये म्हणून त्यावर जपानी पातळ कागद चिकटवले. पाय मुरगळल्यावर पट्टी बांधतात तसंच ते.

चिमाबुएचा क्रूस तेराव्या शतकातला, जवळजवळ साडेचार मीटर उंच. त्याचा साधारण ६० टक्के रंग गेला. दहा वर्षं काम चाललं, १९७६ मध्ये तो परत दाखवायला ठेवला. पूर्ववत झाला का? नाही, आणि करायचाही नव्हता. गेलेल्या जागी कोणी नवं चित्र काढलं नाही. आजूबाजूच्या रंगांच्या बारीक रेघा मारून ती जागा भरली. लांबून डोळा अडखळत नाही, जवळ गेलं की इथं काही नव्हतं हे स्पष्ट कळतं. गिऱ्हाईक मला म्हणतं, "अहो, नवीन असल्यासारखं करून द्या की." त्यांना मी या क्रूसाचा फोटो दाखवतो. काहींना पटतं.

११. एका चित्राला ५० वर्षं लागली हे खरं का?

खरं. वासारीचं 'शेवटचं भोजन', १५४६ चं, पाच फळ्यांचं. उफिझीची इमारत आणि प्रश्न ३ मधली ती वाटही याच वासारीची. सांता क्रोचेत हे चित्र बारा तासांहून जास्त पाण्यात होतं. रंग जपानी कागदाखाली धरून ठेवला आणि चित्र कोठारात गेलं. मग वर्षांमागून वर्षं.

याला काही वाचक सरकारी दिरंगाई म्हणतात. थोडी असेलही. पण १९६६ मध्ये त्या फळ्या सरळ करायचं ज्ञानच नव्हतं. घाईनं हात घातला असता तर चित्र गेलं असतं. २००४ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या मुख्य दुरुस्ती संस्थेत आलं, पुढे गेटी फाउंडेशन आणि प्राडा कंपनीचा पैसा मिळाला, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, पुराला बरोबर ५० वर्षं होताना, सांता क्रोचेत परत लागलं. आता त्याला वजन आणि कप्पीची यंत्रणा जोडली आहे. पुराची सूचना आली की अख्खं चित्र वर ओढता येतं.

१२. मग उफिझी कधी उघडली?

त्याच डिसेंबरात. दालनं शाबूत होती (प्रश्न २) आणि शहराला काहीतरी उघडं दिसणं गरजेचं होतं. दार उघडलं म्हणजे काम संपलं असा अर्थ मात्र नव्हता.

१३. माझ्या घरातले फोटो आत्ता ओले आहेत. पहिलं काय करू?

पुसू नका (कारण प्रश्न ७ मध्ये). उन्हात ठेवू नका, ड्रायर लावू नका. एकमेकांना चिकटलेले फोटो वाळू देऊ नका, वाळले की वीट होते. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, आपोआप सुटतील तेवढेच सोडवा. हलवून गाळ काढा, पाणी बदला. मग चेहरा वर करून जाळीवर किंवा जुन्या सुती कापडावर पंख्याच्या हलक्या वाऱ्याला ठेवा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात हात फिरणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे थोडे घालून फ्रीजरमध्ये टाका. वीज नसेल तर कोरड्या गावातल्या पाहुण्यांच्या फ्रीजरमध्ये. घरात हसतील, हसू दे. फ्लॉरेन्सला ही सोय सुचली नव्हती. त्यांनी ओली पुस्तकं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत नेली, आणि उष्णतेनं काहींची चामडी बांधणी कडक होऊन बसली. काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत, त्या पाण्यातून काढून उभ्या वाळवा.

१४. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओढू का?

नाही. अजून ओला असेल तर काच आणि फोटो दोन्ही एकत्र पाण्यात बुडवून वाट बघा. वाळून चिकटला असेल तर काचेवरूनच चांगला स्कॅन किंवा फोटो काढून घ्या आणि काचेसकट जपा. अर्धा फोटो काचेवर आणि अर्धा हातात, ही अवस्था मी फार वेळा पाहिली आहे.

१५. कॅनव्हासवरचं तैलचित्र भिजलंय. ते गुंडाळून आणू का?

गुंडाळू नका. बाहेरची फ्रेम काढा, आतली लाकडी चौकट काढू नका, ती कॅनव्हासला ताणून धरते. चित्र वर करून आडवं ठेवा आणि तसंच, दोघांनी धरून आणा. रंग सुटत असेल तर काहीच न करता फोन करा.

१६. आजीच्या देव्हाऱ्यातली जुनी लक्ष्मीची तसबीर भिजली. तिला जरीचं लुगडं आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. आणि भंगलेली तसबीर घरात ठेवू नये म्हणतात, मग विसर्जन करायचं का?

रविवर्मा छापखान्याच्या काळातल्या छापील चित्रांना कापड, जर, टिकल्या लावून सजवायची आपल्याकडे पद्धत होती. ही सगळ्यात अवघड, कारण एकाच चौकटीत चार जिनसा: वॉर्निशचा कागद, रंग सोडणारं कापड, गंजणारी जर, आणि खळ. खळीमुळे बुरशी आणि झुरळं दोन्ही येतात. परातीत बुडवायचा उपाय इथं चालत नाही, लुगड्याचा लाल रंग देवीच्या चेहऱ्यावर उतरेल. काच सुटत असेल तर काढा (चिकटली असेल तर प्रश्न १४), आडवी ठेवा, कापडाखाली टीपकागद सरकवता आला तर सरकवा, वारा द्या, आणि लुगडं ओढून काढू नका. ते आजीनं शिवलेलं असेल तर चित्रापेक्षा तेच दुर्मिळ आहे.

विसर्जनाचं तुमच्या घरच्यांनी ठरवायचं, मी त्यात पडत नाही. ठेवायची झाली तर फाटलेली कड तशीच दिसू देऊन मढवता येते. सोडायची झाली तर आधी उजेडात एक चांगला फोटो काढा, मागच्या पुठ्ठ्याचाही. मागे बहुतेक वेळा कोणाच्या तरी लग्नाची तारीख लिहिलेली असते.